मागच्या दाराची झडप

"मग दाब गेला कुठं, उस्ताद?"

धैर्यशीलनं पुन्हा विचारलं. दस्तगीर उस्ताद पत्रावळ्या एकेक सुट्या करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

उरुसाचा दिवस. टेकडीवरच्या दर्ग्यात दुपारचं जेवण चाललेलं. पुढच्या दारात ही गर्दी! आत शिरायला जागा नाही, आणि उन्हात लोकांचा जीव कासावीस.

धैर्यशीलला त्या गर्दीचं काही पडलं नव्हतं. त्याला उद्याची घाटातली शर्यत दिसत होती.

एक काळ असा होता, की दस्तगीर उस्तादांचा हात लागल्याशिवाय कोल्हापुरातली एक गाडी शर्यतीला उतरायची नाही. धैर्यशील त्यांचाच पठ्ठ्या. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. बोर्ड तर गॅरेजपेक्षा मोठा. उस्ताद म्हातारे झाले, गाड्या सोडल्या, इथं दर्ग्यात सेवेला येऊन बसले. धैर्यशील वर्षभरात फिरकला नव्हता. आज अडलं, तेव्हा आठवण झाली.

"नीट सांगतो," तो म्हणाला. "गाडीला सुपरचार्जर आहे. हवा कोंबून इंजिनात ढकलतो. बारा पौंड दाब यायचा, काट्यावर दिसायचा. मी सायलेन्सर काढून टाकला. मोठा, सरळ पाइप लावला. धूर झटक्यात बाहेर."

"बरं."

"तर काटा नऊवर आला! गाडी मोकळी केली आणि दाब पडला. सगळे हसतायत मला."

"हसू देत की."

"तुम्हाला हसण्यावारी वाटतंय. उद्या केतकी गाडी चालवणार आहे."

केतकी म्हणजे त्याची धाकटी बहीण. आई गेल्यावर यानंच तिला वाढवलं, स्टिअरिंग धरायलाही यानंच शिकवलं. आत्ताही तीच गाडी चालवत टेकडी चढून आली होती, आणि भूक लागली म्हणून सरळ पंगतीत जाऊन बसली होती.

उस्तादांचे हात थांबले.

"मग माझ्याकडं काय मागतोस?"

"तुमच्याकडं ती लहान पुली आहे ना, लेथवर स्वतः काढलेली? ती द्या. लहान पुली बसवली की सुपरचार्जर जोरात फिरेल. काटा परत बारावर. संध्याकाळपर्यंत बसवतो."

"देतो की."

धैर्यशीलला हायसं वाटलं.

"आधी मागच्या दाराची दुसरी झडप उघड."

"…काय?"

"मागचं दार. एकच झडप उघडी आहे. दुसरी उघड."

धैर्यशीलनं आपल्या पांढऱ्या शर्टाकडं पाहिलं. मी काय इथं दारं उघडायला आलोय? असं अगदी ओठांवर आलं होतं. पण उस्तादांपुढं बोलायची हिंमत झाली नाही. पाय आपटत गेला.

मागच्या दारातून जेवून उठलेली माणसं एकामागून एक, अंग चोरून बाहेर पडत होती. दुसऱ्या झडपेची कडी गंजून बसलेली. दगडानं ठोकली, खांदा लावला, शर्टाची वाट लागली. शेवटी झडप कुरकुरत उघडली. आत खोळंबलेली माणसं भराभर बाहेर निघाली. एका म्हातारीनं जाता जाता त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

तो परत आला. पुढच्या दारात आता चारदोन माणसं उरली होती.

"उघडली. गर्दीपण ओसरली बघा."

"माणसं घरी गेली?"

"घरी कशाला जातील? आत गेली असतील."

"असतील?"

"गेली. आत गेली." धैर्यशील वैतागला. "उस्ताद, पुली…"

तेवढ्यात भटारखान्यातून ओरडा आला. अमीना मावशी पदर खोचून बाहेर आली. चुलीजवळच्या खिडकीतून तिला फक्त पुढचं दार दिसायचं. दारातली माणसं बघूनच ती किती भात चढवायचा ते ठरवायची. इतकी वर्षं तिचा अंदाज कधी चुकला नव्हता.

"काय करून ठेवलंत हे, भाईजान! दारात माणूस दिसंना, म्हणून मी भाताची दुसरी डेग चढवलीच नाही. आणि आत बघते तर पंगत गच्च भरलेली! आहे तो भातपण बुडाला लागला. खाली जाळ तेवढाच, आणि डेगीत उरलाय मूठभर."

करपल्याचा वास अंगणात पसरला.

उस्ताद उठले. कोटाच्या खिशात हात घालून त्यांनी पुली काढली आणि धैर्यशीलच्या तळहातावर ठेवली. ती मघापासून त्यांच्या खिशातच होती.

"घे. आता असं कर. खाली रस्त्यावर जा. आणखी माणसं बोलावून आण. दार पहिल्यासारखं भरलेलं दिसलं पाहिजे."

"उस्ताद, डोकं ठिकाणावर आहे ना? आत बसलेल्यांना भात नाही, आणि आणखी माणसं…"

तो थांबला.

…

आत, शेवटच्या रांगेत केतकी बसली होती. पुढ्यात कोरी पत्रावळ. तिनं दादाला पाहिलं, पत्रावळीवर बोट आपटलं आणि हसली.

धैर्यशीलच्या हातातली पुली एकदम जड झाली.

टेकडी चढताना गाडीतून खडखड आली होती. डब्यात खडे हलवावेत तशी. केतकी म्हणाली होती, "दादा, हा कसला आवाज?" आणि तो म्हणाला होता, "पत्रा सैल असेल. तू दाब पाय."

तू दाब पाय… असं म्हणाला होता तो!

तो पळत गाडीकडं गेला. बॉनेट उघडलं. इंजिन अजून तापलेलं. बोटं भाजली, तरी प्लग काढलाच. पेट्रोल पोटभर मिळालं तर प्लगचं टोक विटकरी असतं. हे त्याला उस्तादांनीच शिकवलं होतं, मिसरूड फुटायच्या आधी.

टोक चुन्यासारखं पांढरंफटक होतं. पेट्रोल अपुरं, इंजिन आतून करपत चाललेलं.

आणखी थोडा जोर, आणखी थोडी हवा, आणि पिस्टनला भोक. घाटातल्या वळणावर इंजिन जागीच जाम झालं असतं. एका बाजूला दरी. आत केतकी.

धैर्यशील मडगार्डला टेकून खाली बसला आणि हमसून हमसून रडला. उरुसाला आलेली माणसं बघत होती. बघू देत, त्याला आता कुणाची लाज वाटत नव्हती.

बऱ्याच वेळानं तो परत आला. प्लग उस्तादांपुढं धरला.

"काय दिसलं?" उस्तादांनी विचारलं.

"हवा जास्त जातेय. मागची वाट मोकळी झाली, म्हणून आत तुंबत नाही. काटा पडला तो… हवा कमी झाली म्हणून नाही पडला."

"आणि पेट्रोल?"

"गाडीचा कॉम्प्युटर दाब बघूनच पेट्रोल सोडतो." त्यानं भटारखान्याच्या खिडकीकडं पाहिलं. "दाब पडलेला दिसला, म्हणून त्यानं हात आखडला. मी त्या सेटिंगला हातच लावला नाही, उस्ताद. नुसता काटा बघत बसलो."

उस्तादांनी प्लग हातात घेऊन उजेडात धरला.

"जुना सायलेन्सर परत बसवू?" धैर्यशीलनं विचारलं.

"झडप लावून घेऊ?" उस्तादांनी उलट विचारलं.

धैर्यशीलनं मागच्या दाराकडं पाहिलं. एक बाई लेकराला कडेवर घेऊन बाहेर पडत होती. कुणाचा धक्का नाही, कुणाची रेटारेटी नाही.

"…नको."

मग त्यानं बाह्या वर केल्या. अमीना मावशीला दुसरी डेग चढवू लागला, लाकडं फोडून दिली, भात शिजल्यावर हातात डाव घेतला. शेवटच्या रांगेपासून वाढायला सुरुवात केली.

"किती उशीर, दादा!" केतकी म्हणाली. तिच्या पत्रावळीवर त्यानं आणखी एक डाव भात घातला.

"अरे, पुरे की! एवढा कुठं खाऊ?"

"खा," तो म्हणाला.

ऊन कलल्यावर तो निघाला. पुली उस्तादांपुढं ठेवली आणि पायांवर डोकं टेकवलं.

"गॅरेजवर जातो. पेट्रोल वाढवून घेतो. प्लग विटकरी झाल्याशिवाय तिच्या हातात किल्ली देणार नाही."

उस्तादांनी मान हलवली.

तरी त्याचा पाय निघेना.

"उस्ताद… काटा नऊवरच राहणार. उद्या सगळे येऊन विचारतील, दाब किती? त्यांना काय सांगू?"

उस्तादांनी पुढच्या दाराकडं पाहिलं. उंबऱ्यावर ऊन पडलं होतं. बाकी कोणी नव्हतं.

"सांग…" ते म्हणाले, "दारात कुणी ताटकळत नाही."