पाळण्याचे बोल्ट

"मग काळं केल्यानं पोलाद मजबूत होतं की कमजोर? एकदाच काय ते सांगा, वस्ताद."

सर्जेराव लोहाराचा आवाज चढला होता. हातात बोल्टांनी भरलेली जाळी. जत्रेतल्या उंच पाळण्याचे बोल्ट, अलॉय स्टीलचे, चांगले कडक केलेले. नुकतेच ब्लॅकनिंगच्या, म्हणजे काळं करायच्या, टाकीतून निघून तेलात बुडालेले. सर्जेरावासारखा काळा रंग आसपासच्या कुठल्याच कारखान्यात कुणाला साधत नव्हता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कारखाना चालवणाऱ्या वस्ताद गनीभाई शिकलगारांनी त्यातला एक उचलून पाहिला होता आणि म्हटलं होतं, "हे पाळण्यावर जाणार नाहीत."

आता ते म्हणाले, "मजबूत होत नाही."

"म्हणजे कमजोर होतं."

"तेही नाही. तो थर केसाहून पातळ. तेल धरतो, गंज लांबवतो. पोलादाची ताकद होती तेवढीच राहते."

"मग अडवता कशाला?"

"काळं करायच्या आधी काय केलंस?"

सर्जेरावानं जाळी बाकावर ठेवली.

"गंज होता," तो म्हणाला. "ॲसिडमध्ये टाकले."

"घासून का नाही काढलास?"

"जत्रा तोंडावर आलीय. घासत बसलो असतो तर झालं असतं का काम?"

"भट्टीत भाजलेस नंतर?"

"नाही."

"ॲसिडातला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो, सर्जेराव. लगेच भाजलं तर निघतो. नाहीतर आतच बसतो, आणि ताण आला की पोलाद कधीतरी अचानक तुटतं."

"मला नका शिकवू. आपटून, ठोकून बघितलेत मी. एकालाही काही झालं नाही."

गनीभाईंनी वाद घातला नाही. जाड पट्टीच्या भोकातून एक बोल्ट घातला, नट लावला, पान्यानं आवळला. पाळण्यावर आवळतात तेवढाच. पट्टी बाकावर ठेवली आणि आपल्या कामाला लागले.

सर्जेराव हसला. समोर स्टूल ओढून बसला.

दुपार झाली. बोल्ट तसाच.

"बघताय ना, वस्ताद?"

गनीभाई आपलं काम करत राहिले.

उन्हं कलली आणि खट्‌कन आवाज झाला. कुणीही हात लावला नव्हता. बोल्टाचं डोकं उडून पत्र्यावर आदळलं.

सर्जेराव उठला. चेहरा उतरला होता, पण मान ताठ होती.

"त्यात आधीच चीर असणार."

त्यानं दुसरा बोल्ट घेतला. स्वतःच्या हातानं आवळला, वस्तादांपेक्षा जोरात. पुन्हा समोर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला तेव्हाही बोल्ट शाबूत होता.

"बघा! नाही तुटला!"

"नाही तुटला," गनीभाई म्हणाले.

"मग? एक वाईट निघाला म्हणून सगळे फेकायचे?"

गनीभाईंनी जाळी उचलली आणि बाकावर पालथी केली. सगळे बोल्ट घरंगळत पसरले.

"यातला जो तुटणार, तेवढा वेगळा काढ. बाकीचे देऊन टाकू."

सर्जेराव वाकला. एक उचलला, उजेडात फिरवला, ठेवला. दुसरा उचलला. मग तिसरा. सगळे सारखेच काळे, सारखेच गुळगुळीत. त्यानं केले होते तसे...

हात थांबला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. पाळण्याचे मालक कृष्णात डोंगळे आत आले.

"झाले का रे? वा! काय काळे झालेत!"

"हे मिळणार नाहीत," सर्जेराव म्हणाला.

"काय?"

"माझी चूक झालीय. नवे करतो. घासून साफ करीन, मग काळे करीन."

"अरे, उद्या जत्रा! माणसं येऊन उभी राहतील!"

"राहू देत. जमिनीवर राहतील."

डोंगळ्यांनी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. बाकाकडं वळून ते मूठमूठ बोल्ट पिशवीत भरायला लागले. "माझा पाळणा, माझी जबाबदारी. तू कोण अडवणार?"

सर्जेरावानं पिशवी त्यांच्या हातातून ओढून घेतली. बोल्ट फरशीवर ओतले. गॅस कटर पेटवला आणि पहिल्याच बोल्टावर ज्योत धरली. काळा रंग लाल झाला, मग पांढरा. बोल्टाचे दोन तुकडे झाले.

त्यानं दुसरा पुढं ओढला.

"वेडा झालास काय! बंद कर!"

तो थांबला नाही. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

डोंगळे संतापून गनीभाईंकडं वळले. "वस्ताद, तुमचा हा शिष्य माझं ऐकत नाही!"

गनीभाई सर्जेरावाकडं बघत होते.

"माझंही ऐकत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर ठेवलाय."