नारिंगी पातळाची खूण

एकदा एक गणिताची शिक्षिका एका वृद्ध तांडेलाकडे समुद्रात पोहायला शिकायला गेली. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख. याने पन्नास वर्षे होडी हाकली होती आणि आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे तो दारात बसून जाळी विणत असे. बाईंचे वय पंचेचाळीस. या वयात शहाणी माणसे गुडघ्यांना तेल चोळू लागतात; बाईंनी ट्रायथलॉनमध्ये नाव नोंदवले होते. दीड किलोमीटर समुद्रात पोहायचे, मग चाळीस किलोमीटर सायकल चालवायची, मग दहा किलोमीटर धावायचे, आणि तेही मध्ये न थांबता.

सायकल आणि धावणे बाईंना जमत होते. शहरातल्या तलावात तर त्या मासोळीसारख्या पोहत. परंतु पहिल्यांदा समुद्रात उतरल्या तेव्हा पन्नास हात मारून होताच त्यांचा श्वास कोंडला आणि जीवरक्षकांना त्यांना ओढून बाहेर काढावे लागले. "घाबरू नका, सोडवून तर बघा," असे वीस वर्षे मुलांना सांगणाऱ्या बाईंना स्वतःच्या भीतीची फार लाज वाटली. स्पर्धा जिंकायची हौस त्यांना नव्हती. त्या भीतीच्या पलीकडे जाऊन एकदा परत यायचे, एवढेच त्यांच्या मनात होते.

तांडेलाने त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले खरे, पण त्याची रीत विचित्र होती. रोज सकाळी तो बाईंना छोट्या होडीत घाली, खोल पाण्यात नेई आणि म्हणे, "हां, उतर आता. घराकडं चल." बाई किनाऱ्याकडे पोहू लागत आणि होडी मागून सावकाश येई.

पहिल्याच दिवशी त्याने दोन खुणा दाखवल्या. काठावर देवळाचा पांढरा कळस होता आणि त्याच्या मागे टेकडीवर एकटा ताड.

"कळसावर ताड उभा दिसला म्हंजे तू वाटेवर हायस. ताड उजवीकडं सरकला तर तू उजवीकडं वाहवलीस. एका खुणेवर कवा इसंबू नको."

दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे बाई वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत होत्या. तिच्यावरून घरी जाता येते, हे त्यांना त्या दिवशी समजले.

महिना सरला तरी तांडेलाने त्यांना किनाऱ्यावरून आत असे एकदाही पोहू दिले नाही. शेवटी बाईंचा धीर सुटला.

"मामा, स्पर्धा काठावरून सुरू होते! पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला वळसा घालून परत यायचं आहे. मला आत जायला शिकवा की!"

"आत जायला काय शिकायचं गो बाय? तोंड फिरवलं की झालं," म्हातारा जाळ्यावरून नजर न उचलता म्हणाला.

बाई मनातून चांगल्याच चिडल्या. एका दुपारी, म्हातारा डुलकी घेत आहे असे पाहून, त्या एकट्याच काठावरून आत शिरल्या. पन्नासाव्या हाताला जुनी भीती ठरल्या वेळी हजर झाली. छाती आवळली. बाई घाबरून मागे वळल्या. समोर ताड आणि कळस एका रेषेत दिसले, आणि नवल असे की श्वास आपोआप सैल झाला. बाहेर आल्या तर वाळूवर तांडेल उभा. तो रागावला नाही. "चल, चाय पी," एवढेच म्हणाला. त्या चहात म्हातारीने, म्हणजे त्याच्या बायकोने, आले जरा जास्तच ठेचून घातले होते.

स्पर्धेच्या दिवशी समुद्र खवळलेला होता. दूर कुठेतरी वादळ झाले होते आणि लाटा माणसाच्या उंचीच्या येत होत्या. काही स्पर्धकांनी काठावरूनच हात जोडले. बाई मात्र शिट्टी वाजताच पाण्यात शिरल्या. पन्नासाव्या हाताला भीती आली. बाई मनाशी म्हणाल्या, "ये. बोयापर्यंतच तर जायचं आहे. तिथून पुढचं मला पाठ आहे." आणि रडत, ठसकत, खारे पाणी पीत त्या बोयापर्यंत पोहोचल्या.

तिथे वळून पाहिले तर कळस नाही! स्पर्धेचा मंडप आणि त्याची उंच रंगीत कमान नेमकी देवळाच्या पुढे उभी होती. टेकडीवर ताड दिसत होता, पण एकट्या ताडाचा काय उपयोग? प्रवाह कोणत्या बाजूला ओढतो आहे ते कळेना. आजूबाजूचे दोघे भलतीकडेच वाहवत निघाले होते आणि बचावाची होडी त्यांच्यामागे धावत होती. बाईंचा श्वास पुन्हा कोंडू लागला.

एवढ्यात एका लाटेने त्यांना वर उचलले. कमानीच्या पुढे, अगदी पाण्याच्या कडेला, उंच बांबूवर काहीतरी नारिंगी फडफडत होते. ते पातळ होते, म्हातारीचे ठेवणीतले, जरीच्या काठाचे. आणि ताड त्या बांबूच्या जरासा उजवीकडे दिसत होता. बाईंनी डावीकडे हात मारले. ताड सरकत सरकत पातळावर येऊन उभा राहिला. मग मात्र त्यांनी मान खाली घातली आणि त्या घराकडे पोहू लागल्या.

पाण्यातून बाहेर पडणाऱ्यांत त्या शेवटून तिसऱ्या होत्या. सायकल झाली, धावणे झाले. अंतिम रेषेवर तर मंडपवाले खुर्च्या आवरत होते. गळ्यात पदक घालून बाई थेट तांडेलाच्या दारात आल्या आणि वाकून त्याच्या पाया पडल्या.

"मामा, आता तरी सांगा. उलटं का शिकवलंत?"

म्हातारा हसला. "काठावरून आत जाणाऱ्याचं घर हाताहाताला लांब जातं, म्हणून भीती वाढते. होडीतून घराकडं येणाऱ्याचं घर हाताहाताला जवळ येतं. आमच्या पोरांना आम्ही असंच शिकवतो. परतीची वाट अंगात मुरली की माणूस आत जायला भीत नाय. भीती पाण्याची नसते गो, परत येता येईल का याची असते."

"आणि देऊळ झाकलं गेलं तेव्हा?"

"काल सांजेला मंडप उभा राह्यला तवाच बघितलं मी. खूण झाकली तर दुसरी लावायची. काठावरल्या माणसाला दुसरं काम काय?"

आतून म्हातारीचा आवाज आला, "आनि माजं पातळ खारवलं त्याचं काय?"

बाईंना हसू आणि रडू एकदमच आले. पदक त्यांनी खुंटीला अडकवले, खारट झालेले पातळ उचलले आणि दुखऱ्या पायांनी विहिरीवर जाऊन ते गोड्या पाण्यात तीनदा खळबळून काढले.

आपले माणूस खोल पाण्यात असते तेव्हा त्याच्यासाठी पोहणे आपल्या हाती नसते. काठावर त्याला दिसेल असे काहीतरी उंच धरून उभे राहणे मात्र असते.