थांबलेलं चाक

“मग त्यात अन्याय कुठे आला, भन्ते?”

शार्दूल हेब्बाळकर हसत म्हणाला. घरपोच किराणा पोचवणारी त्याची कंपनी बघता बघता शहरभर पसरली होती. ध्यान शिकायला म्हणून तो अधूनमधून टेकडीवरच्या या विहारात येई. खाली, जिथवर नजर जाईल तिथवर, काचेच्या इमारती उभ्या होत्या.

“आमच्याकडे मुकादम नाही, वशिला नाही. काम कोणाला द्यायचं, कोणाचं काढून घ्यायचं, सगळं यंत्र ठरवतं. त्याला ना राग, ना लोभ.”

भन्ते सुगतानंद ऐकत राहिले...

फाटकाशी स्कूटर थांबली. कुणा उपासकाने दान म्हणून मागवलेलं तेल घेऊन शार्दूलच्याच कंपनीचा माणूस आला होता. पन्नाशीचा. कोपर सोलवटलेलं, रक्त ठिबकत होतं.

“वळणावर घसरलो, भन्तेजी. तेल शाबूत आहे.”

“नाव काय तुमचं?”

“शिवदास. शिवदास गायसमुद्रे.”

“बसा.”

“बसून कसं चालेल? पुढची ऑर्डर लागलीय.”

भन्तेंनी त्याचा हात धरला. जखम धुतली. जुन्या चिवराची पट्टी फाडून सावकाश बांधली. शिवदासच्या खिशातला फोन वाजत राहिला...

मग वाजायचा थांबला.

शिवदासने फोन काढून पाहिला. “उशीर झाला म्हणून कामाची आयडी बंद केली,” तो हळूच म्हणाला.

तो स्कूटरपाशी गेला. किल्ली फिरवली. चाक जागचं हलेना. स्कूटरही कंपनीचीच, भाड्याची. माणसाचं काम बंद झालं की ती आपोआप कुलूपबंद होई.

हे शार्दूलला माहीत होतं. होताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“थांबा, मी आत्ता सुरू करून देतो.” त्याने ऑफिसला फोन लावला.

“सर, आता ते होत नाही,” पलीकडून त्याचा मॅनेजर म्हणाला. “वशिला चालू नये म्हणून हाताने आयडी सुरू करायची वाट तुम्हीच बंद करायला लावलीत.”

“मग सांगायचं कोणाला?”

“...कोणालाच नाही, सर.”

शार्दूलचा फोन कानाशी तसाच राहिला.

शिवदासने हेल्मेट काढून स्कूटरच्या आरशाला अडकवलं. भन्तेंना हात जोडले. मग शार्दूलकडे वळून म्हणाला, “अनोळखी माणसासाठी फोन केलात, साहेब. तेवढं तरी कोण करतं.”

आणि तो पायीच निघाला.

“भन्ते...” शार्दूल म्हणाला. “तुम्ही त्याला थांबवलं नसतं, तर...”

“हो. मी थांबवलं. आणि बंद कोणी केलं?”

“कोणीच नाही.”

बोलून गेला आणि त्याचा तोच दचकला.

“आता मी काय करू?”

भन्ते उठले. पायरीवरचे शार्दूलचे बूट त्यांनी उचलले आणि त्याच्या पावलांपुढे आणून ठेवले.

“तो अजून उतारावरच असेल.”