खुर्चीवरचा कोट

एकदा एक सिस्टर, वय वर्षे सत्तेचाळीस, एका वृद्ध गुरुजींच्या दारात वही छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, इंग्रजी मला येतं हो. पण त्या परीक्षेला ते पटत नाही!"

गुरुजी हसले आणि त्यांनी तिला आत घेतले. तिचे नाव एस्तेर. कृष्णाकाठच्या ज्या गावात ती राहत होती तिथे चार पावलांवर एक दवाखाना, आणि दर दवाखान्यात परदेशी जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या दोन-चार तरी सिस्टर. स्वप्नाच्या दारात मात्र इंग्रजीची एक थोर परीक्षा उभी असे. वाचन, लेखन, श्रवण आणि शेवटी परीक्षकासमोर बसून संभाषण, असे तिचे चार भाग. पहिल्या तिन्हींत एस्तेर उत्तम गुण मिळवी आणि चौथ्यात आपटी खाई. एकवीस वर्षे वॉर्ड गाजवणारी बाई, भल्याभल्या डॉक्टरांना सुनावणारी. पण परीक्षकासमोर बसली की तिची गाडी घसरलीच म्हणून समजा.

गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली होती. स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत आणि मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. त्यांची एक गंमत होती. तोंडी परीक्षेचा सराव घ्यायचा असला की खुंटीवरचा जुना काळा कोट ते अंगात चढवत. कोट घातला की ते गुरुजी नव्हेत, परीक्षक! मग मराठी बंद, हसणे बंद. समोर गजराचे घड्याळ ठेवून ते प्रश्न विचारत आणि विद्यार्थी बिचारे घाम पुसत उत्तरे देत.

एस्तेरने तीन महिने हा सराव केला. तिच्या वहीत चाळीस उत्तरे होती, सुबक अक्षरात, लाल शाईने अधोरेखित केलेली. कुठल्याशा क्लासच्या छापील नोट्सवरून ती तिने उतरवली होती, आणि त्याच नोट्स अवघ्या गावात फिरत होत्या. त्यातले ‘माझ्या आयुष्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती’ हे उत्तर तर विशेष लोकप्रिय. त्यात एक आजोबा होते. ते रोज पाच मैल अनवाणी चालून शाळेत गेले, कंदिलाखाली शिकले आणि पुढे मोठे डॉक्टर झाले. गावातल्या निदान तीस सिस्टरांना हे एकच आजोबा होते. एस्तेरचे खरे आजोबा बेकरीत भट्टी सांभाळत, पण परीक्षेला कुठे खरे आजोबा लागतात? ती डोळे छताला लावून उत्तर सुरू करी आणि थेट पूर्णविरामाला जाऊन थांबे. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

डिसेंबरात दुसऱ्यांदा निकाल लागला. संभाषणात पुन्हा नापास.

त्याच आठवड्यात आयर्लंडहून लेकीचा फोन आला. तिची रूथ तिकडे दोन वर्षांपूर्वीच नर्स म्हणून गेली होती. "मम्मी, मला दिवस गेलेत," ती म्हणाली. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपल्याकडची रीत. पण तिकडची नोकरी, रजेचे नियम, लांबचा प्रवास. रूथला येणे शक्य नव्हते.

"माहेर म्हणजे काय भिंती असतात होय?" एस्तेर फोनवर म्हणाली. "मीच येते. माहेरच येतंय तुझ्याकडं, काळजी करू नको."

म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर ती कॅलेंडर घेऊन दिवस मोजत बसली. रूथच्या गावातल्या दवाखान्याने तिच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती, ती फक्त फेब्रुवारीअखेरपर्यंत. तोवर ती पास झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. म्हणजे हाताशी आता एकच परीक्षा उरली होती.

ती पुन्हा गुरुजींकडे आली. वहीत आणखी वीस उत्तरे भरली होती.

"गुरुजी, आता साठ झाली. यातलं एक तरी येईलच ना?"

गुरुजींनी वही मिटून बाजूला ठेवली. मग कोट चढवला, खुर्चीवर बसले आणि घड्याळ पुढे ओढले. "तीन उत्तरे," ते इंग्रजीत म्हणाले. "एकापाठोपाठ एक. मध्ये थांबायचे नाही. आरंभ आजोबांपासून."

एस्तेरने डोळे छताला लावले. आजोबा अनवाणी निघाले, शाळेत पोचले, डॉक्टर झाले. आजोबा संपताच न पाहिलेल्या समुद्राची सहल सुरू झाली. सहल संपवून ती न वाचलेल्या एका पुस्तकाकडे वळली. शेवटचे वाक्य तिने अगदी ठसक्यात टाकले, समाधानाने मान खाली आणली आणि समोर पाहिले.

खुर्चीवर कोट होता. पाठीला नीट अडकवलेला, दोन्ही बाह्या खाली सोडलेल्या. गुरुजी नव्हते.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून गुरुजी दोन कप घेऊन आले. आल्याचा वास खोलीभर पसरला.

"झाली उत्तरे?" त्यांनी विचारले. "छान. चहा घ्या."

एस्तेरच्या डोळ्यांत टचकन पाणी आले, आणि पाठोपाठ रागही. "चेष्टा करताय का गुरुजी माझी? मी काय कोटाशी बोलत बसले होते? माझी लेक तिकडं वाट बघतीय, आणि तुम्हाला चहा सुचतोय!"

"मी केव्हा उठलो, सिस्टर?"

एस्तेरने खुर्चीकडे पाहिले.

"आजोबा शाळेत पोचायच्या आतच उठलो. खुर्ची कुरकुरली, किटलीचे झाकण पडले, दोनदा शिंकलो. तुम्हाला पत्ताच नाही." गुरुजी तिच्यासमोर बसले. कोटाला त्यांनी हात लावला नाही. "बरे, एक सांगा. ड्युटी संपताना तुम्ही ओव्हर देता ना?"

ओव्हर देणे म्हणजे पाळी बदलताना एका सिस्टरने दुसरीला रुग्णांची हकिकत सांगणे. खाटेगणिक, रुग्णासमोर उभे राहून. हे काम एस्तेर एकवीस वर्षे रोज करत आली होती.

"देते की. आज सकाळीच दिली."

"ओव्हर चालू असताना पुढची सिस्टर उठून निघून गेली तर?"

"जाईलच कशी? हाताला धरून उभी करीन तिला! सात नंबरच्या बाबांची साखर पहाटे एकदम उतरली होती, ते तिला नको कळायला? जीव असतो हो माणसाचा त्यात!"

"आणि डोळे कुठे असतात तुमचे?"

"तिच्या तोंडावर. तिला कळलं का नाही ते तोंडावरच दिसतं. नाही कळलं तर परत सांगते, वेगळ्या शब्दांत."

"पाठ केलेले असते?"

"ओव्हर कुणी पाठ करतं का, गुरुजी?" असे म्हणताना एस्तेर स्वतःच अडखळली.

गुरुजींनी चहाचा घोट घेतला. "सिस्टर, बोलणे म्हणजे आपल्याजवळचे काहीतरी समोरच्याच्या हाती सुखरूप देणे. ते घ्यायला कोणी आहे की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याची भाषा कितीही शुद्ध असो, ते पाठांतरच. परीक्षकाला तुमचे शब्द कमी पडले नाहीत. तुम्ही त्याच्याशी बोललाच नाहीत. आणि यात तुमच्याहून मोठा अपराध माझा आहे. तीन महिने मीही कोट घालून घड्याळाकडेच पाहत बसलो. कोटाने शिकवले आणि तुम्ही कोटाशी बोललात."

मग ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता मला ओव्हर द्या. इंग्रजीत. सात नंबरचे बाबा कसे आहेत?"

एस्तेरने पदराने डोळे पुसले आणि सुरुवात केली. बाबा बँडवाले आहेत, कर्णा वाजवतात. दवाखान्यात कर्णा नाही, म्हणून दिवसभर चादरीवर बोटं चालवतात. पहाटे घाम फुटला, हात थरथरले, तरी घंटी वाजवली नाही. सिस्टरला कशाला त्रास, म्हणून मनात शंभर आकडे मोजत पडून राहिले. शंभरानंतरही बरं वाटलं नाही तेव्हा घंटी दाबली.

काळ चुकला, एकदोनदा शब्द अडला. तिथे ती हातांनी सांगू लागली, की गुरुजी म्हणत, "समजलो नाही," आणि ती लगेच दुसऱ्या शब्दांनी तेच सांगे.

"मग पुढे? आता बरे आहेत ना ते?" गुरुजींनी काळजीने विचारले. तो प्रश्न परीक्षेचा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि ते एस्तेरला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

घड्याळ पाहिले तर नऊ मिनिटे झाली होती.

"वही फाडून टाकू का?" जाताना तिने विचारले.

"अहो, फाडता कशाला? आत्ता बोललात ते निम्मे शब्द तिनेच दिलेत तुम्हाला. तिचे ऋण माना. फक्त परीक्षेला तिला बरोबर नेऊ नका."

त्यानंतर दोन महिने रोज ती गुरुजींना ओव्हर देत राहिली. वॉर्डची, घरची, रूथची, भाजीवालीशी झालेल्या भांडणाचीसुद्धा. कोट खुंटीवरच राहिला. बाबा बरे होऊन घरी गेले त्या दिवशी तर गुरुजींनी पेढे आणले आणि खाल्ले दोघांनीच.

फेब्रुवारीत पुण्याला परीक्षा झाली. परीक्षक एक चष्मेवाली बाई होती, सर्दीने बेजार, सकाळपासून दहाबारा जणांना ऐकून दमलेली. तिने कार्ड पुढे सरकवले आणि एस्तेरने ते वाचले. ‘तुमच्या आयुष्यावर प्रभाव टाकणाऱ्या व्यक्तीविषयी बोला.’

आजोबा! जिभेच्या टोकावर तयार! मोह कुणाला सुटलाय? एस्तेरची नजर आपोआप छताकडे गेली, आणि आजोबा अनवाणी चालू लागले. दोन वाक्ये झाली. मग तिने मान खाली आणली. बाईने लेखणी खाली ठेवली होती आणि ती खिडकीकडे पाहत होती. खुर्चीवर एस्तेरला पुन्हा तो कोट दिसला.

ती थांबली. परीक्षेत थांबणे म्हणजे गुण जाणे, हे तिला माहीत होते. रूथ आठवली. तरी ती थांबलीच.

"मॅडम, माफ करा," ती इंग्रजीत म्हणाली. "हे आजोबा माझे नाहीत. आमच्या गावात ते सगळ्यांचेच आहेत. मी तुम्हाला माझ्या वॉर्डातल्या एका माणसाविषयी सांगू का?"

बाईने चष्म्यावरून पाहिले. मग ती हसली. अगदी खळखळून. बहुधा सकाळपासून ते आजोबा तिला चार वेळा भेटले असावेत.

एस्तेरने तिला बाबांची ओव्हर दिली. चादरीवरची बोटे सांगितली, शंभर आकडे सांगितले. आपल्याला त्रास होत असता दुसऱ्याची झोप मोडू नये, हे शिकावे की शिकू नये, हे मला अजून ठरवता आलेले नाही, असेही सांगितले. घड्याळ वाजले तेव्हा बाईने ते बंद केले आणि विचारले, "मग त्यांचे पुढे काय झाले?"

"घरी गेले, मॅडम. आता लग्नात वाजवतात."

एस्तेर पास झाली. गुण हवे तेवढेच, काठावरचे. फेब्रुवारी संपायला चार दिवस होते. निकाल घेऊन एस्तेर जिना चढून आली आणि तिने तो कागद गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, एवढेच.

पुढचे सोपस्कार लांबले, पण जुलैत माहेर विमानात बसले.

ऑगस्टातल्या एका दुपारी चार वाजता गुरुजींनी नेहमीप्रमाणे चहाचे आधण ठेवले, दूध घातले आणि फोन वाजला. ज्या खुर्चीवर एकदा कोट अडकवला होता, तिच्यावर ते येऊन बसले; ती आता स्वयंपाकघराच्या दाराशीच होती. पलीकडे एस्तेर होती, आणि तिने धड नमस्कारसुद्धा न करता ओव्हर सुरू केली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. मुलगी. वजन तीन किलो. पहिल्या सेकंदाला रडली, गुरुजी, काय तो आवाज! रूथला टाके थोडे आहेत, ताप नाही, चहा प्यायली. बाळ माझ्याच हातात आहे आत्ता. नाक आमच्या बेकरीवाल्या आजोबांचं, खऱ्या.

इथे ती मध्येच थांबली.

"गुरुजी, ऐकताय ना? आहात ना तिथं?"

गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आहे, पोरी," ते म्हणाले. "इथेच आहे. पुढे सांग."

ती पुढे सांगू लागली. आत चहा उतू जाऊन ओट्यावरून खाली सांडत होता, विझलेल्या शेगडीच्या गॅसचा वास सुटला होता, आणि गुरुजींनी फक्त हात लांब करून दाराआडच्या सिलिंडरचे बटण फिरवले. खुर्ची सोडली नाही.