दगडाचा शेर

एका डोंगराळ खेड्यात एक शिक्षिका राहत होत्या. मुलं त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, म्हणून आपणही बाईच म्हणू.

त्यांच्या शाळेतली मुलं पावकी अशी खणखणीत म्हणत, की वाटेवरचा माणूस थबकून ऐके. 'एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण.' पण एकदा बाईंनी एका मुलीपुढे भोपळा ठेवला आणि म्हणाल्या, "याचा पाव भाग काप बघू." तिने देठ तेवढा कापून दिला. बाईंना हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं.

त्याच सुमारास तिथल्या राणीने दवंडी पिटवली. ज्या शिक्षकाला शिकवण्याची नवी युक्ती सुचली असेल त्याने दरबारात यावं, लागेल ती वस्तू राजवाड्यातून मिळेल. वर्षभराने दसऱ्याला ती आणून दाखवायची.

बाईंनी एक तराजू मागितला आणि पितळेची वजनं: एक शेराचं, एक अर्ध्या शेराचं आणि दोन पावशेराची. "पावकी पोरांच्या तोंडात आहे, ती मला त्यांच्या हातात द्यायचीय," त्या म्हणाल्या. राजधानीतल्या थोरल्या शाळेच्या पंडितांनी पितळी ग्रहमाला मागितली. कळ फिरवली की ग्रह सूर्याभोवती फिरत. राणीने दोघांनाही हवं ते दिलं. दिवाणजींनी मात्र निघताना बजावलं, "सरकारी वस्तू आहे, जिवापाड जपा. खराब झाली, तर त्या शाळेला पुन्हा काही मिळायचं नाही."

पंडितांनी हे शब्द गाठीला बांधले. ग्रहमाला लाल कापडात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. सणावाराला कपाट उघडायचं, झेंडूची माळ घालायची, मुलांनी लांबून नमस्कार करायचा की पुन्हा कुलूप.

बाईंच्या शाळेत वेगळाच कारभार. मुलांनी चिंचा तोलल्या, गोवऱ्या तोलल्या, कोंबडी तोलली, आणि तिने अंडं घातल्यावर तिला पुन्हा तोललं. बोकड तोलताना दांडी वाकली, ती लोहाराने ठोकून सरळ केली. पारड्यांना पोचे आले. आणि पाण्यात वस्तू हलकी होते का, हे बघताना दोरी सुटली आणि शेराचं वजन विहिरीच्या तळाशी गेलं.

बाईंना दिवाणजींचे शब्द आठवले. पण दुसऱ्या दिवशी तीच भोपळ्याची मुलगी ओढ्यातला एक गोटा घेऊन आली. तिने एका पारड्यात अर्धा शेर आणि दोन्ही पावशेर ठेवले, दुसऱ्यात गोटा. गोटा जड भरला. मग सगळी मुलं खडकावर बसली. घासायचा, तोलायचा, पुन्हा घासायचा. अखेर दांडी समतोल झाली, तेव्हा बाईंचे डोळे भरून आले.

दसरा जवळ आला. बाई तराजू घासूनपुसून घ्यायला तांबटाकडे गेल्या. तांबट म्हणाला, "बाई, हे ध्यान दरबारात नेणार? माझा नवाकोरा तराजू न्या, वजनांसकट. दाखवा आणि परत आणून द्या. कुणाला कळतंय?"

बाईंना मोह झाला. यंदा मुलांसाठी दुर्बीण मागायचं त्यांच्या मनात होतं. एका पोच्यापायी ती जायला नको होती. आपला तराजू तांबटाकडे ठेवून त्या नवा तराजू शाळेत घेऊन आल्या.

"बाई, हा कुणाचा?" त्या मुलीने विचारलं. "आमचा शेर कुठं गेला?"

बाईंनी नवा तराजू उचलला. त्या आल्या पावली परत गेल्या आणि आपला तराजू घेऊन आल्या. दरबारात जाताना त्यांनी त्या मुलीलाही बरोबर घेतलं.

दरबारात ग्रहमाला लखलखत होती. लोक वाहवा करत होते. बाईंनी तराजू पुढे ठेवला आणि कुजबुज सुरू झाली. दिवाणजी कडाडले, "वर्षभरात ही दशा? आणि पितळेच्या जागी हा धोंडा?"

"वस्तू खराब झाली, हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "शिक्षा मला करा, शाळेला नको."

"धोंडा नाही तो, शेर आहे," मुलगी म्हणाली. "आम्ही केलाय."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" राणी म्हणाली. तिने खजिन्यातलं शेराचं वजन मागवलं. ते एका पारड्यात गेलं, गोटा दुसऱ्यात. दांडी जराशी डुलली आणि बरोबर मध्ये थांबली.

मग राणी पंडितांबरोबर आलेल्या विद्यार्थ्याकडे वळली. "बाळ, तू ग्रह फिरवून दाखव."

मुलगा पुढे आला. त्याने चपला काढल्या, लांबूनच नमस्कार केला आणि मागे सरकला. सगळे हसले, राणी हसली नाही. तिने पंडितांच्या कमरेची किल्ली मागून घेतली आणि त्या मुलाच्या हातात ठेवली. पंडितांचं तोंड एवढंसं झालं.

"दिवाणजी, नियम बदला," राणी म्हणाली. "इथून पुढे जी वस्तू नवीकोरी परत येईल, तिचा जाब विचारायचा. आणि बाई, तुम्हाला यंदा काय हवं?"

"दुर्बीण," बाई म्हणाल्या. "पण ती शाबूत राहील असं वचन मी देणार नाही."

"मग दोन घेऊन जा," राणी म्हणाली.

बाई परतल्या तेव्हा गावाने वेशीपासून शाळेपर्यंत हलगी वाजवली. पुढे दुर्बिणी होत्या, मागे तो पोचे आलेला तराजू, आणि सगळ्यांत पुढे ती मुलगी, दगडाचा शेर डोक्यावर घेऊन.

तात्पर्य: शिकण्यासाठी दिलेली वस्तू मुलांच्या हातात झिजली तर सार्थकी लागते, कुलपात चकाकत राहिली तर वाया जाते.