नेत्रवैद्याचा नकार

पूर्वी पश्चिम समुद्रापलीकडे, बावेरू नगराच्याही पुढे, देवदारांनी भरलेल्या एका डोंगरी मुलखावर मुंझिर नावाचा अमीर राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तेथील एका वैद्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव उमैर. वडिलांकडून तो डोळ्यांचे वैद्यक शिकला. बारीक सुईने मोतीबिंदू बाजूला सारण्यात त्याचा हात असा बसला की दूरदूरच्या खोऱ्यांतून माणसे हात धरून त्याच्या दारी येत आणि हात सोडून घरी जात.

मुंझिरचे कूळ अरबांचे. त्याचे पूर्वज वाळवंटातून आले होते आणि डोंगरातल्या लोकांनी आपली भांडणे मिटवायला त्यांना अमीर केले होते. पण त्या कुळाच्या डोक्यावर दूरचा एक सम्राट होता, आणि सम्राटाचा सुभेदार खाली बंदरात बसत असे. दर वसंतात तो कुळातल्या एका पुरुषाला मानाची वस्त्रे पाठवी. ज्याच्या अंगावर ती वस्त्रे, तो अमीर. ती कोणाला मिळतील हे कोणालाच आधी कळत नसे, आणि त्यातच सुभेदाराचे बळ होते. थोरल्याला तो लिही, की धाकट्यावर नजर ठेव. त्याच दिवशी धाकट्याला लिही, की थोरल्याचा भरवसा धरू नकोस. या भाऊबंदकीत तीन पिढ्या खपल्या होत्या. मुंझिरनेही सोळा वर्षांपूर्वी आपला थोरला भाऊ हारिस याला शिकारीच्या वाटेवर मारवून वस्त्रे घेतली होती. हारिसचा आता तरुण झालेला मुलगा वाइल याला त्याने वरच्या गढीत कोंडले होते. तीन महिने वाइलला ना कागद मिळाला होता, ना कोणी भेटले होते.

मुंझिर भिंतीला पाठ लावून बसे. पहारेकरी तो दर आठवड्याला बदलत असे. त्याच्या ताटातला पहिला घास त्याची पत्नी रबाब खाई, मग तो. अशात त्याची नजर धुरकट होऊ लागली. अमीर आंधळा झाला असे बंदरात कळले तर वस्त्रे वाइलकडे जातील, म्हणून त्याने ते लपवले. तो पावले मोजून दिवाणखान्यात येई, आवाजावरून माणसे ओळखी. एके दिवशी त्याने कोणाचा तरी अर्ज वाचण्यासाठी हातात धरला, तो उलटा होता. दरबारात कोणी काही बोलले नाही. त्या गप्प राहण्यावरून त्याला कळले, की सगळ्यांना कळले आहे.

दोन दिवसांनी उमैरच्या घरी एक अनोळखी माणूस डोळे दाखवायला आला.

“अमीर तुम्हाला बोलावतील,” तो म्हणाला. “सुई जरा खोल गेली तर वैद्याला कोण दोष देतो? खालच्या खोऱ्यातली जैतुनाची सगळी झाडे सुभेदारसाहेब तुमच्या नावे करतील.”

उमैरने त्याच्या दोन्ही पापण्या वर करून पाहिल्या. “तुमचे डोळे चांगले आहेत,” तो म्हणाला. “तुम्ही जा.”

दुसऱ्याच दिवशी मुंझिरचे बोलावणे आले. “तू माझे डोळे बरे करायचेस,” तो म्हणाला. “पण त्याआधी एक काम. गढीवर जा, सुई तापव आणि वाइलच्या दोन्ही डोळ्यांत फिरव. मग मला कळेल, तू सुभेदाराचा माणूस नाहीस.”

उमैरने सुयांची पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, “हे माझ्याने होणार नाही.”

“भितोस?”

“भितो. पण नाही म्हणतो ते भीतीने नव्हे. सुभेदाराचा माणूस काल माझ्याकडे आला होता. तुमचे डोळे घालव, असे सांगत होता. मी त्याला वाटेला लावले.”

मुंझिरचा हात खंजिरावर गेला. “आणि हे तू आता सांगतोस?”

“सुई हातात घेण्याआधी सांगणारच होतो. अमीर, तुमच्या सांगण्यावरून मी वाइलचे डोळे घालवले, तर दुसऱ्याच्या सांगण्यावरून तुमचे घालवणार नाही, असे तुम्ही कशावरून समजणार? तुम्ही सांगता ते काम जो करील, त्याला आपल्या डोळ्यांजवळ येऊ देऊ नका.”

मुंझिरने त्याला एका खोलीत कोंडले आणि त्याच्या घराची झडती घेतली. तिसऱ्या दिवशी कोणी एक जण खिडकीशी आला. आपण सुभेदाराकडून आलो आहोत, हो म्हटलेस तर आत्ता सोडवतो, असे तो कुजबुजला. उमैरने त्यालाही नाहीच म्हटले. तो माणूस मुंझिरचाच होता. हे उमैरला पुढेही कधी कळले नाही.

सातव्या दिवशी मुंझिरने त्याला बाहेर काढले. त्याला आता समोर धरलेली बोटेही दिसत नव्हती.

“काय काय लागेल?” त्याने विचारले.

“सकाळचा उजेड, आणि डोके घट्ट धरणारा एक माणूस. डोके हलले तर सुई चुकेल.”

मुंझिर विचार करू लागला. पहाऱ्याच्या नायकाची सासुरवाडी बंदरात होती. कारभाऱ्याला सुभेदाराची पत्रे येतात असा त्याला संशय होता.

“मी धरते,” रबाब म्हणाली.

“तुझा भाऊ सुभेदाराच्या पदरी आहे.”

“सोळा वर्षे तुमच्या ताटातला पहिला घास मी खाते आहे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मुंझिरने नकारार्थी मान हलवली.

मग उमैर म्हणाला, “गेल्या तीन महिन्यांत ज्याला सुभेदाराचे एकही पत्र पोचले नाही, असा या मुलखात एकच माणूस आहे. ती तजवीज तुम्हीच केली आहे.”

मुंझिर कोरडे हसला. “त्याच्या बापाला मी मारवले आहे.”

“ते त्याला ठाऊक आहे. त्याला विचारून येऊ का?”

उमैर गढीवर गेला. अमीराने काय सांगितले होते आणि आपण काय उत्तर दिले, ते त्याने काही न लपवता वाइलला सांगितले.

वाइलने विचारले, “आणि मी डोके हलवले तर?”

“तर ते आंधळे होतील. मला बहुधा मारतील. तुम्ही अमीर व्हाल, आणि मग सुभेदार तुमच्या एखाद्या चुलतभावाला पत्र लिहील.”

“मी येतो. पण वचन देत नाही.”

उमैरने परत येऊन हे जसेच्या तसे सांगितले.

“वचन दिले असते,” मुंझिर म्हणाला, “तर मी त्याला बोलावलेच नसते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंझिर खिडकीजवळ आडवा झाला. वाइल त्याच्या उशाशी बसला आणि त्याने काकाचे डोके दोन्ही हातांत धरले. वडील गेल्यापासून त्याने या माणसाचा फक्त हुकूम ऐकला होता. आता कानशिलावरची शीर त्याच्या बोटांखाली पकडलेल्या तितरासारखी उडत होती. सुई डोळ्यात शिरली. वाइलची बोटे एकाएकी आवळली. उमैरने मान वर केली नाही. त्याने हात तसाच थांबवला आणि वाट पाहिली. काही श्वास गेले. मग बोटे सैल झाली आणि डोके पुन्हा नुसते धरून राहिली. उमैरने मोतीबिंदूचा पडदा खाली सारला.

मुंझिरला आधी उजेड दिसला, मग आपल्यावर वाकलेला एक चेहरा.

“हारिस,” तो म्हणाला.

“मी वाइल आहे, काका.”

 उमैरने डोळा बांधला तेव्हा कापूस ओला होता.

मुंझिर एका दिवसात बदलला नाही. त्या संध्याकाळीही पहिला घास रबाबनेच खाल्ला. पण वाइल गढीत परत गेला नाही, आणि पट्टी सुटल्यावर मुंझिरने वरची खोरी त्याच्या हाती सोपवली. वसंतात दोघांनाही सुभेदाराची पत्रे आली. वाइलने आपले पत्र न फोडता काकापुढे आणून ठेवले. मुंझिर आठ दिवस आपले पत्र जवळ बाळगून राहिला, मग त्यानेही आणले. दोन्ही पत्रांतला मजकूर एकच होता, फक्त नावांची अदलाबदल होती. त्यानंतर बंदरातून येणारे प्रत्येक पत्र ते दोघे एकत्र बसून फोडू लागले, आणि ते जिवंत होते तोवर त्या कुळात कोणी कोणाचा डोळा काढला नाही की जीव घेतला नाही. उमैर आपल्या गावी परतला आणि वृद्ध होईपर्यंत लोकांचे डोळे बरे करीत राहिला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवन विहारात एका भिक्षूला सांगितली. आपले सोबती आपल्याविरुद्ध बोलतात या शंकेने तो भिक्षू सगळ्यांपासून दूर बसू लागला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा सुभेदार देवदत्त होता. रबाब ही भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि वाइल हा आनंद. अमीर मुंझिर हाच आपला हा भिक्षू. उमैर वैद्य मीच होतो. कोणाच्याही सांगण्यावरून जो कोणालाही इजा करीत नाही, त्याच्यापुढे संशयी माणूसही सुईखाली डोळे उघडे ठेवून आडवा होऊ शकतो. याला अभयदान म्हणतात.”