फोटोत नसलेली माणसं

समुद्रापलीकडच्या एका बेटावर मोठा भूकंप झाल्याची बातमी आली, तेव्हा लातूरकडच्या सारणवाडीत घरोघरी मदत गोळा झाली. या गावानं स्वतः तसाच भूकंप सोसला होता. मदत कुठं पाठवायची, हे ठरवायचं काम महानंदाबाई बिराजदारांकडं आलं. बाईंनी नीट चौकशी केली आणि त्या बेटावरच्याच कोळ्यांचं एक बचाव पथक निवडलं.

हे शिवराजअप्पांना रुचलं नाही. अप्पांची संस्था मोठी, आणि तिचा बडेजाव त्याहून मोठा.

"त्या कोळ्यांना ओळखतं कोण?" ग्रामसभेत अप्पा म्हणाले. "मदत आमच्या संस्थेकडं द्या. संकटात कोण धावून येतं, त्याचा हा पुरावा बघा."

त्यांनी एक जुना फोटो सगळ्यांपुढं धरला. भूकंपानंतर अप्पा तरुण महानंदाबाईंच्या हातात घोंगडी देत होते.

बाईंनी फोटो हातात घेऊन निरखून पाहिला.

"अप्पा, त्या घोंगडीची ऊब मी विसरले नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण या फोटोत मी माझ्या पायांवर उभी आहे. त्याच्या दोन दिवस आधी मी ढिगाऱ्याखाली होते. शेजाऱ्यांनी नुसत्या हातांनी मला उकरून काढलं, आणि त्यांच्यातला एकही जण या फोटोत नाही. आपली मदत तशाच माणसांकडं जाऊ द्या."

अप्पा क्षणभर फोटोकडं बघत राहिले, आणि मग ठरावाला पहिला हात त्यांनीच वर केला. मागच्या रांगेत म्हातारे केरबा ताठ मानेनं बसले होते. बाईंना उकरून काढणाऱ्यांत तेही होते.